पुसट चित्राची तक्रार

पुंता अरेनासला वारा असा
की कचेरीचं दार आम्ही आतून दोरीनं बांधतो.
कानाला हेडफोन, समोर निवलेला मातेचा काढा,
आणि सामुद्रधुनीपलीकडून, पोर्वेनीरहून,
सुनिल्दा तोमासेविच, वय एक्याऐंशी,
नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट:
"मंगळवारपासून माझ्या नायकाला नाक नाही."

टीव्हीमागे काळी डबी, साबणाच्या वडीएवढी.
तिच्यातून मालिका येते रात्री नऊला.
आता येते ती चौकड्यांची गोधडी,
चेहरा म्हणजे चार ठिगळं, डोळे म्हणजे दोन डाग,
रडतोय की हसतोय ते संगीतावरून ओळखायचं.

मी माझी रोजची जपमाळ ओढली.
प्लग काढा. तीस आकडे मोजा. पुन्हा लावा.
तिनं क्रोएशियनमध्ये मोजले, आजोबांच्या भाषेत,
सतराला अडखळली,
मीही थांबलो.
केबल घट्ट आहे? आहे.
सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा काय लिहिलाय?
"आपोआप," ती म्हणाली. "घरात आपोआप काय होतं हो?
भांडी होतात?"
वेग मोजला. राउटरपाशी पन्नास, डबीपाशी दोन.
म्हणजे वाटेत कुठेतरी पाणी मुरतंय.

"राउटर ठेवलाय कुठे, दोन्या सुनिल्दा?"
ती गप्प.
वाऱ्याचा आवाज दोन्ही टोकांना सारखाच.
"हलवला. सोमवारी. बिडाच्या चुलीमागे."
सव्वाशे किलो लोखंड, वर पाण्यानं भरलेली किटली,
बिचारा सिग्नल कुठून वाट काढणार!
का हलवला, ते तिनं न विचारताच सांगितलं:
बहीण आलीय राहायला, एर्मिनिया.
खिडकीखालची जागा तिच्या पलंगाला लागली.

फडताळावर ठेवा, म्हटलं, उंच, चुलीच्या अलीकडे.
खुर्ची सरकल्याचा आवाज.
एक्याऐंशी वर्षं खुर्चीवर चढतायत
आणि माझा जीव इकडे, समुद्राच्या या बाजूला, टांगणीला.
मग एकदम "आ!"
"नाक आलं! अहो, भुवईवरची जखमसुद्धा आली,
आणि त्या बाईच्या कॉलरचा सुटलेला धागा!
इतकी श्रीमंत दाखवलीय, आणि धागा!"

'तक्रार निवारण' वर बोट ठेवलंच होतं मी,
तेवढ्यात मागून दुसरा आवाज, जाडसर, सावकाश:
"काय बदललं गं?"

एर्मिनियाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
डॉक्टर विमानानं येतो,
वाऱ्यानं उतरू दिलं तर.
तिला नायक असाच दिसतो, नाकाशिवाय, कायम.

"चार दिवस," सुनिल्दा फोन तोंडाशी धरून कुजबुजली,
"आम्ही दोघी एकच मालिका पाहत होतो.
मी विचारायची, हा कोण? ती विचारायची, हा कोण?
पोट धरून हसलो हो.
लहानपणी एका पांघरुणात हसायचो तशा."

मग तिनं ते विचारलं
जे अकरा वर्षांत मला कुणी विचारलेलं नाही:
"हे परत बिघडवायचं कसं?"

फॉर्मवर त्यासाठी रकाना नाही.
इकडेतिकडे पाहिलं. साहेब ओयार्सून
तोंडात घास धरून खिडकीबाहेर बघत होते.
सेटिंग, मग चित्र, मग 'आपोआप' वरची खूण काढा,
सगळ्यात खालचा आकडा निवडा.
उलट यायचं तर त्याच वाटेनं.
राउटर मात्र वरच असू दे,
पुन्हा त्या खुर्चीवर चढायचं नाही.

तिनं लिहून घेतलं, किराण्याच्या पावतीवर,
एका बाजूला "एर्मिनिया असताना",
दुसऱ्या बाजूला काय लिहिलं, ते वाचून दाखवलं नाही.
पेन्सिल बराच वेळ खरखरत होती.

मी शेऱ्यात लिहिलं:
दोष सापडला. दूर केला.
ग्राहकाच्या विनंतीवरून परत दिला.